अर्ध्याच्या आत

डॉक्टर "काही नाही" असं कधी म्हणत नसत. छातीचा फोटो बघून झाला, त्यात दोष सापडला नाही, की म्हणत, "या फोटोत दिसत नाही." समोरचा माणूस हमखास विचारायचा, म्हणजे काही नाही ना? त्यावर ते चष्मा पुसत तेच वाक्य पुन्हा तसंच म्हणत. वेल्ह्याकडून सकाळची पहिली एसटी धरून आलेल्या माणसाला हे फार लागायचं. तो तेवढे दोन शब्द घरी न्यायला आलेला असे आणि डॉक्टर ते देत नसत. माझ्या माहितीत त्यांनी ते एकदाच दिले. माझ्या बायकोला. ती आता नाही. त्यामुळे मी डॉक्टरांबद्दल निर्मळ मनानं लिहितोय असा माझा दावा नाही. जे जसं घडलं तसं मांडतो.

आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात, आणि भोर तालुक्यात छातीचा फोटो म्हटलं की बरीच वर्षं हेच डॉक्टर. भोरातलंच जुनं मुसलमान घराणं, वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. डॉक्टर पुण्यात शिकले आणि परत आले. एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्याला एका दुकानावर पहिल्या मजल्यावर दवाखाना. मी पाहिलं तेव्हा सत्तरीच्या पुढचे होते. अंगात पांढरा शर्ट आणि खिसा कायम रिकामा. पेन कानावर, किल्ल्या पँटीच्या मागच्या खिशात. कुणाच्या शर्टाच्या खिशात नाणं राहिलं आणि ते फोटोत फुफ्फुसावर उमटलं, असं एकदा झालं होतं म्हणे. तेव्हापासून छातीवर वस्तू ठेवणारा माणूसच त्यांना आवडेनासा झाला. बँकेचे साहेब खिशाला तीन पेनं लावून आले की डॉक्टर आधी त्या पेनांकडे बघत, मग साहेबांकडे.

दवाखान्यात फोटो बघायची पेटी होती, पण ती बंदच असायची. विजेचा दाब कमीजास्त होतो, ट्यूब लुकलुकते, आणि लुकलुकत्या उजेडात आपल्याला पाहिजे ते दिसतं, असं त्यांचं म्हणणं. ते फोटो उत्तरेच्या खिडकीच्या काचेला लावत. ती काच रोज सकाळी स्वतः पुसत. फुफ्फुसं फोटोत काळी येतात, हृदय पांढरं. काचेला लावलं की ते पांढरं आरपार होतं. खालच्या रस्त्यानं एसटी वळली की ती माणसाच्या हृदयातून जाताना दिसायची. मला पहिल्यांदा ते चमत्कारिक वाटलं, नंतर सवय झाली.

बघायची त्यांची रीत ठरलेली. आधी फोटोवरचं नाव मोठ्यानं वाचायचं आणि त्या नावाच्या माणसाला "हो" म्हणायला लावायचं. मग डावं-उजवं. मग बरगड्या मोजायच्या, दोन्हीकडच्या, बोट ठेवून, मोठ्यानं, लहान मुलांना उजळणी शिकवतात तशा. मग खालचे कोपरे, मग हृदय, आणि सगळ्यात शेवटी फुफ्फुसांचे वरचे शेंडे. ज्या जागी दुखतंय म्हणून माणूस सांगतो ती जागा ते मुद्दाम मागं ठेवत. म्हणत, "तिथं तर कुणीही बघेल. मला पगार बाकीच्या जागेचा आहे."

आणि ते पेशंटला शिकवत. ही त्यांची सगळ्यात मोठी खोड. छाती तुमची, फोटो तुमचा, तर तो तुम्हाला वाचता आला पाहिजे, असा हट्ट. खालचे दोन कोपरे टोकदार असले पाहिजेत. बोथट झाले तर पाणी धरलंय. न्यूमोनियात एखादा भाग पांढरा होतो आणि त्या पांढऱ्यात श्वासाच्या नळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या दिसतात. टीबी बहुतेकदा वरच्या मजल्यावर बसतो. हृदय छातीच्या रुंदीच्या अर्ध्याच्या आत पाहिजे. एवढं तर बाहेरच्या बाकावर बसलेल्या बायाबापड्यांनाही तोंडपाठ झालं होतं. नंबर येईपर्यंत लोक एकमेकांचे फोटो खिडकीला धरून बघत. मी स्वतः ऐकलंय, एक बाई दुसरीला म्हणत होती, "तुजा डावा कोपरा बोथट दिसतुया गं, डॉक्टरला सांग, त्ये इसरतील."

त्यांना मोबाईलवरचा फोटो चालत नसे. मुंबई-पुण्यातली मुलं गावाकडच्या आईचा फोटो मोबाईलवर टिपून पाठवायची आणि काय आहे ते विचारायची. डॉक्टर उत्तर देत, "माणूस पाठवा, नाही तर फोटो पाठवा. फोटोचा फोटो पाठवू नका." जुना फोटो असेल तर तो आणल्याशिवाय नवा बघत नसत. त्यामुळे आमच्या भागात लोक फोटो टाकून द्यायचे थांबले. माझ्या सासुरवाडीला, राजगडाच्या पायथ्याच्या पालीला, माळ्यावर बियाण्याच्या कणगीशेजारी सासऱ्यांचे फोटो गुंडाळून ठेवलेले मी पाहिलेत. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती.

कापूरहोळच्या एका म्हाताऱ्याची आठवण सांगतो. हायवेला पंक्चरचं दुकान, जन्मभर बिडी. डॉक्टरांनी त्याला फोटोपुढं उभं केलं. फुफ्फुसं लांबली आहेत, खालचा पडदा सपाट पडलाय, हृदय उभं आणि बारीक झालंय, सगळं बोट ठेवून दाखवलं. म्हातारा खूश.

"मंजी फुफ्फुस मोटं आन् काळीज नाजूक. दोन्ही बेसच की."

"तुम्ही टायरवाले. ट्यूब फुगून फुगून सैल पडली की काय करता?"

"फेकून देतो."

"ही फेकता येत नाही. बिडी कधी सोडताय?"

"सोडली की."

"कधी?"

"हितंच, जिन्याखाली."

बाक हसला. डॉक्टर हसले नाहीत. जिना उतरून गेले आणि म्हाताऱ्यानं विझवून कपारीत ठेवलेलं थोटूक पायानं चिरडून आले.

त्यांच्या खोलीच्या एका भिंतीवर दोरी बांधून फोटो टांगलेले होते. त्या भिंतीला ते खोट्यांची भिंत म्हणत. एका फोटोत ताईत, एकात शर्टाचं बटण, एकात तेल लावलेली जाड वेणी. वेणीचा किस्सा ते सगळ्यांना सांगत. हायवेकडच्या एका मुलीच्या फोटोत उजव्या शेंड्याला पट्टा आला, दुसरीकडं कुणीतरी टीबी ठरवून मोकळं झालं, ठरलेलं लग्न मोडायला आलं. डॉक्टरांनी तिला केस वर बांधायला लावले आणि पुन्हा फोटो काढला. पट्टा गेला. वेणी खांद्यावरून पुढं आली होती. मुलीच्या बापानं पेढे आणले तर डॉक्टर म्हणाले, मला पेढे नकोत, तुमच्या व्याह्यांना इथं पाठवा, त्यांना दोन्ही फोटो दाखवायचेत. आणि खरोखर दाखवले.

सगळ्यात अवघड होतं मंगळसूत्र. काळे मणी काचेचे, मधे सोनं. फोटोत ते पांढरी माळ होऊन छातीवर उमटतं. आमच्याकडच्या बायका नवरा जिवंत असताना गळा मोकळा करायला तयार होत नाहीत. बाकी ठिकाणी मशीनवाला ते वर ओढायला सांगतो, खांद्यावर टाकतो आणि फोटो काढतो. डॉक्टरांना ते पटत नसे. पण ते भांडत बसले नाहीत. मंगळसूत्र तुटलं, गाठवायला दिलं, की बायका तोवर गळ्यात हळकुंडाचा दोरा बांधतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी टेबलाच्या खणात पिवळे दोरे आणि हळकुंडं आणून ठेवली. बाजारातला वाणी विचारायचा, डॉक्टर, घरात कुणाचं लग्न निघालं? हे म्हणायचे, रोज दोनतीन निघतात. पुढं त्यांनी हळकुंडाचाही फोटो काढून पाहिला. त्याचीसुद्धा पुसट सावली पडते, म्हणून दोरा गळ्याऐवजी मनगटाला बांधायचा असं ठरवलं. तो ते स्वतः बांधत नसत. आपण मुसलमान, आपण पुरुष, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बाकावरच्या एखाद्या सवाष्ण म्हातारीला आत बोलवायचे. ती दोरा बांधायची, कुंकू लावायची, आणि मंगळसूत्र उतरवून बाईच्या नवऱ्याच्या किंवा सासूच्या हातात द्यायची. मग फोटो. इतकी बिनबोभाट व्यवस्था मी सरकारी खात्यात तरी पाहिलेली नाही.

मी पाटबंधारे खात्यात आहे. धरणाची पाणीपातळी बघायची, आकडा कळवायचा, हे काम. डॉक्टर मला "धरणवाले" म्हणत. मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेलो तो माझ्यासाठीच. धरणाच्या भिंतीवरच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला, रात्री दोन उशा लागायला लागल्या. बायको बरोबर होती. फोटो खिडकीला लागला. बरगड्या मोजून झाल्या आणि डॉक्टरांनी खणातून शाळेतली लाकडी फूटपट्टी काढून माझ्या हातात दिली.

"धरणवाले, हृदय जिथं सगळ्यात रुंद आहे तिथं मोजा. मग छाती आतून."

मी मोजलं. हृदय सतरा पूर्णांक चार सेंटिमीटर. छाती तीस.

"किती टक्के?"

"अठ्ठावन्न."

"पन्नासच्या आत पाहिजे."

मला आकडा सांगितला की मी शांत होतो. माझ्या बायकोचं उलट. तिला आकडा कळला नाही, "अर्धं" कळलं. ह्यांचं काळीज अर्ध्याच्या वर गेलंय, हे तिनं पालीपर्यंत पोचवलं. डॉक्टरांनी रक्तदाबाचं सांगितलं, मीठ सांगितलं, पुण्याला तपासणीला धाडलं. पंप कमजोर झालाय, गोळ्या घ्या, वर्षभरानं बघू, असं तिथून कळलं. तेव्हापासून बायको माझ्या पाठीमागून जिना चढायला लागली, मी पडलो तर धरायला. मी सत्तर किलोचा, ती पंचेचाळीस. मी तिला एकदा हा हिशेब सांगितला. ती म्हणाली, "पडा तर खरं, मंग बगू कोन धरतंय."

त्याच वर्षी श्रावणात तिला खोकला लागला. राहिना तेव्हा मी तिला डॉक्टरांकडं घेऊन गेलो. फोटो काढायचं ठरलं. डॉक्टरांनी खण उघडला, दोरा काढला, बाकावरच्या एका आजींना हाक मारली. आजी उठून आल्यासुद्धा. बायकोनं पदर गळ्याशी धरला.

"मी काढायची न्हाई."

"वहिनी, दोरा आहे. या आजी बांधतील. तुमचे मालक हातात धरतील, फोटो झाला की लगेच घाला."

"बाकीच्यांला चालंल त्ये. त्यांची मानसं धडधाकट हाईत. ह्यांचं काळीज तुमीच मोजलं न्हवं? अर्ध्याच्या वर गेलंय म्हनून तुमीच सांगितलं. आन् आता तुमीच म्हनता, काढा?"

मी म्हणालो, मला काही होत नाही, काढ. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. ती डॉक्टरांशीच बोलत होती.

"ह्यांचं अर्ध्याच्या आत येऊ द्या. त्या दिवशी सोता काढून तुमच्या टेबलावर ठेवते. मंग म्हनाल तितकं फोटू काडा."

आजी म्हणाल्या, "नगा जोर करू डॉक्टर, तिच्या मनात आलंय." डॉक्टरांनी दोरा बोटाला गुंडाळला. मग त्यांनी तो खणात ठेवला आणि खण लोटला. मंगळसूत्र वर घ्या, उजव्या खांद्यावरून मागं टाका, असं म्हणाले. जे बाकी सगळीकडं करतात तेच. त्यांच्या दवाखान्यात ते पहिल्यांदा झालं असावं, कारण मशीनवरचा माणूस त्यांच्याकडं बघतच राहिला.

फोटो काचेला लागला. नाव वाचलं, तिनं "व्हय" म्हटलं. बरगड्या मोजल्या. कोपरे टोकदार. हृदय व्यवस्थित, मला पट्टी न लावताही दिसलं. शेवटी ते उजव्या शेंड्याशी आले. तिथं मण्यांची दुपदरी माळ गळपट्टीच्या हाडावरून गेलेली. ते जवळ गेले, लांब आले, मान वाकडी केली. पाठीमागून बायकोनं विचारलं, "काय हाय का?" ते वळले. आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मला वाटतं माझ्या छातीकडं.

"काही नाही वहिनी," ते म्हणाले. "खोकला राहिला तर परत या."

ती इतकी हलकी होऊन जिना उतरली की माझ्या मागं चालायचं विसरली. खाली येऊन म्हणाली, "बगा, उगाच म्हनतात मानूस कडू हाय." आणि औषधानं खोकला गेला. राहिला नाही, म्हणून आम्ही परत गेलो नाही. त्यांनी सांगितलं होतं तसंच केलं.

दिवाळीच्या सुमाराला तिचा उजवा खांदा दुखायला लागला. दळणाचा डबा उचलला म्हणून असेल असं वाटलं. तेल चोळलं. मग दुखणं हातातून करंगळीपर्यंत उतरायला लागलं. हाडाच्या एका डॉक्टरांनी खांदा आखडलाय म्हणून सांगितलं, व्यायाम दिले. ती भिंतीवर बोटं चालवत वर नेण्याचा व्यायाम करायची आणि भिंतीवर ओल्या हळदीच्या बोटांच्या खुणा राहायच्या. त्या पहिल्यांदा खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत होत्या. मग खिडकीच्या मधोमध. मग खाली. मी ते बघत होतो, पण खांद्याचं दुखणं छातीत शोधायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

माघात मी माझ्या गोळ्या लिहून घ्यायला डॉक्टरांकडं गेलो. ती सोबत आली. दारातून आत येतानाच डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"वहिनी, उजव्या डोळ्याची पापणी कधीपासून खाली आलीय?"

"झोप न्हाई हो. खांदा झोपू देत न्हाई."

त्यांनी तिचा पंजा उताणा करायला लावला, बोटं दाबून बघितली. मग मला म्हणाले, "धरणवाले, जुना फोटो." मी घरी जाऊन आणला. पाकिटात होता, सरळ ठेवलेला, त्यांनी सांगितलं होतं तसाच.

त्या दिवशी बाकावर कुणी बाई नव्हती. डॉक्टरांनी खण उघडला. बायको म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दोरा. ह्यांच्या हातात देते." तिनं डाव्या हातानं मंगळसूत्र डोक्यावरून काढायला घेतलं, ते केसांत अडकलं, मी सोडवलं. "खांद्याला त्येचंबी वजन हुतंया," ती म्हणाली.

नवा फोटो काचेला लागला, शेजारी जुना. नाव वाचलं. तिनं "व्हय" म्हटलं. डॉक्टरांनी डावीकडच्या बरगड्या मोजल्या, एकपासून. मग उजवीकडं बोट नेलं, ते वर थांबलं, आणि ते "दोन" म्हणाले. तिथून पुढं मोजल्या. एक म्हणाले नाहीत. मी बघितलं. उजवा शेंडा पांढरा होता आणि त्या पांढऱ्यात पहिली बरगडी संपली होती. तुटली नव्हती. तिथं नव्हती.

बायको आकडे मोजत नसे, पण ऐकत असे. तिनं विचारलं, "येक कुठं गेली?"

डॉक्टरांनी तिला खोटं सांगितलं नाही. खुर्ची ओढून समोर बसले आणि फुफ्फुसाच्या टोकाला गाठ आहे, ती हाडात शिरलीय, हाताच्या शिरांवर बसलीय म्हणून खांदा दुखतो, पापणीही त्यानंच उतरलीय, पुण्याला न्यायला पाहिजे, असं सरळ सांगितलं. बरी होईल का, हे तिनं विचारलं नाही. ह्यांच्या गोळ्या लिहून द्या, तेवढ्यासाठी आलो होतो, एवढं म्हणाली.

ती बाहेर बाकावर जाऊन बसली तेव्हा डॉक्टरांनी जुन्या फोटोवर भिंग धरलं आणि मला बोलावलं. मण्यांच्या दोन पदरांमध्ये शेंगदाण्याएवढं काहीतरी करडं होतं.

"हे मण्यांच्या मागं नाही. मध्ये आहे. नीट बघा. मण्यांनी झाकलेलं नाही."

मी बघितलं. होतं.

"मला त्या दिवशी दिसलं होतं का, ते मला सांगता येत नाही. दिसलं असेल आणि मी मणी म्हणून सोडलं असेल. फोटो बिघडलेला होता. बिघडलेल्या फोटोवर मी त्यांना 'काही नाही' म्हणालो."

मी विचारलं, तेव्हा कळलं असतं तर? ते म्हणाले, तेव्हा हाड शाबूत होतं. एवढंच. यातून काय काढायचं ते माझ्यावर सोडलं. मी रोज काहीतरी वेगळं काढतो.

पुण्याचं सविस्तर लिहीत नाही. उन्हाळा लागता लागता ती गेली, पालीला. तिला माहेरी जायचं होतं. गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला मळवट. आयाबाया म्हणत होत्या, भाग्याची, अहेव गेली. मी तिथंच उभा होतो. तिला अहेव ठेवणारा नवरा तो मी.

दहाव्याला डॉक्टर आले. भोरहून पालीपर्यंत एसटीनं, मधे एक बदलून, या वयात. अंगणात बसले, चहा घेतला नाही. निघताना म्हणाले, "तो पहिला फोटो मला द्या." मी कशाला म्हणून विचारलं. भिंतीला लावायचाय म्हणाले. मी दिला. नंतर बघितलं तर त्यांनी नावावर पांढरा कागद चिकटवला होता.

त्यानंतर डॉक्टर बदलले, आणि चांगल्यासाठी बदलले नाहीत. मंगळसूत्र काढणार नसाल तर फोटो नाही, असं ते पहिल्याच वाक्याला सांगायला लागले. पूर्वी गोडीनं व्हायचं ते आता अटीवर आलं. कुणी का-कू केलं की तो फोटो दाखवत, मण्यांच्या मधल्या जागेवर बोट ठेवत, आणि आवाज चढायचा. बायका घाबरायच्या. एका सासूनं बाहेर येऊन सगळ्यांसमोर सुनावलं, "भिताडाला मेलेल्या बाईचा फोटू टांगून बसलाय, हितं सुनंला आननार न्हाई." हळूहळू आमच्या भागातल्या बायका दुसरीकडं जायला लागल्या, जिथं मंगळसूत्र वर ओढा म्हणतात आणि पाच मिनिटांत मोबाईलवर रिपोर्ट येतो: काही नाही. डॉक्टरांना हे समजत होतं. एकदा मला म्हणाले, "आता बिघडलेले फोटो माझ्याकडं येतच नाहीत, धरणवाले. तिकडं जातात." तरी ते मऊ झाले नाहीत. त्यांना ते जमेना.

गेल्या वर्षी त्यांनी दवाखाना बंद केला. जिन्यावर आता मोबाईल दुरुस्तीची पाटी आहे. खिडकी तीच, पण आतून पोस्टर लावलंय.

बंद व्हायच्या थोडं आधी मी माझा फोटो काढायला गेलो होतो. पुण्याहून सांगितलेला होता, तो राहून गेला होता. बाक रिकामा. डॉक्टरांनी काच पुसली, फोटो लावला, माझं नाव वाचलं. मी "हो" म्हटलं. बरगड्या मोजल्या, दोन्हीकडच्या, एकपासून. कोपरे बघितले. मग खण उघडून फूटपट्टी काढली आणि माझ्यापुढं धरली.

मी मोजलं. हृदय चौदा पूर्णांक चार. छाती तीस. पुन्हा मोजलं.

"किती?"

"अठ्ठेचाळीस."

"म्हणजे?"

त्यांना माहीत होतं. माझ्याकडून वदवून घ्यायची त्यांची सवय. मी म्हणालो, "अर्ध्याच्या आत."

ते खणाकडं वळले, पट्टी ठेवायला. खण उघडाच होता. त्यात पिवळे दोरे तसेच होते, हळकुंडं सुकून काळसर पडलेली. त्यांनी पट्टी त्यांच्यावर ठेवली नाही. हातातच धरून टेबलाकडं बघत राहिले, टेबलाच्या त्या मोकळ्या जागेकडं, जिथं ती काढून ठेवणार होती. मीही तिकडंच बघत होतो. खालून वेल्ह्याची एसटी वळली आणि माझ्या फोटोतून पलीकडं गेली.